तुरीचा भाव मोझांबिकच्या नाकाला बंदरात ठरतो, आणि आपण आफ्रिकेचा विभाग बंद करतो : विद्यापीठ अनुदान आयोगास खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली,
तसेच केंद्र व राज्यांच्या उच्च शिक्षण खात्यांतील सर्व जबाबदार अधिकारी

विषय : विद्यापीठांतली एरिया स्टडीजची (एकेका प्रदेशाच्या अभ्यासाची) केंद्रं बंद न करण्याबाबत, आणि ठेवायची तर नीट चालवण्याबाबत

महोदय,

मी एका विद्यापीठात आफ्रिकेचा इतिहास आणि राजकारण शिकवते. गेस्ट फॅकल्टी आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते महाराष्ट्राबाहेरचं आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की सगळी चर्चा त्या एका इमारतीभोवती फिरते, खुलासे मागवले जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. आमच्या केंद्राचा एम.ए. बंद करायचा, केंद्र राज्यशास्त्र विभागात विलीन करायचं आणि आफ्रिका तिथे एक ऐच्छिक पेपर म्हणून ठेवायची, असा प्रस्ताव विद्वत्परिषदेपुढे आला आहे. कारण दिलंय ‘अल्प विद्यार्थिसंख्या’. टिपणी दीड पानाची आहे. चोपन्न देशांचा खंड एका ऐच्छिक पेपरात कसा बसवायचा, हे तिच्यात लिहिलेलं नाही.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण या निर्णयाने ज्यांचं नुकसान होतं ती माणसं दिल्लीच्या इंग्रजी पत्रव्यवहारात कधीच नसतात. मी लातूर जिल्ह्यातली. घरी तूर होते, सोयाबीन होतं. आफ्रिकेकडे मी वळले ती जंगल-सिंहांच्या ओढीने नव्हे, तुरीमुळे.

आमच्याकडच्या डाळमिलवाल्यांशी जरा बोलून बघा. भाव विचारला की आधी बर्माच्या ‘लेमन’ तुरीचा भाव सांगतील. मग गजरी, अरुषा, मटवारा, मोझांबिकची सफेद. अरुषा हे टांझानियातलं शहर. मटवारा म्हणजे म्त्वारा, हे त्याच देशाच्या दक्षिण टोकाचं बंदर. दहावी न झालेला हमालसुद्धा मटवाराचं पोतं हातात दाणे घेऊन ओळखतो. त्याच जिल्ह्यातला राज्यशास्त्राचा पदवीधर टांझानियाची राजधानी कोणती हे सांगू शकेलच असं नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला ते कोणी शिकवलंच नाही.

आता तुरीचाच हिशेब बघा. जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला : वर्षाला १ लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत २ लाख टनांपर्यंत कडधान्यं, मुख्यतः तूर, तिथून घ्यायची. त्याच खरिपात आपल्याकडे पाऊस बरा झाला आणि तूर बेसुमार पिकली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये. बाजारात त्याच्या खाली. नाफेडच्या केंद्रांपुढच्या ट्रॅक्टरच्या रांगा आणि संपलेला बारदाना मराठवाड्यात कुणाला वर्णन करून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तूर आयातीवर मर्यादा घातली. तेव्हा उत्तर मोझांबिकमध्ये, नाम्पुला आणि झांबेझिया प्रांतांत, भारताच्या भरवशावर तूर लावलेल्या शेतकऱ्यांचा भाव कोसळला. तिथे तूर फारशी खात नाहीत, ती पिकते आपल्यासाठी. पुढे २०२३ च्या अखेरीस त्याच भागातल्या नाकाला बंदरात निर्यातदारांच्या भांडणात तुरीचा माल अडकला, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे डाळ कडाडलेली होती.

म्हणजे औशाचा शेतकरी आणि नाम्पुलाचा शेतकरी एकाच दोरीला बांधलेले आहेत, आणि दोघांनाही ती दोरी दिसत नाही. तिकडे पेरणी कधी होते, परवाने कोणाला मिळतात, बंदरावर कोणाची सत्ता चालते, तिथलं सरकार निर्यातीबाबत काय म्हणतं, हे आपल्याला कळतं ते दलालांच्या व्हॉट्सॲपवरून, तेही त्यांना सोयीचं असेल तेवढंच. पोर्तुगीज वाचणारा, तिथली माकुआ भाषा थोडी तरी समजणारा, नाम्पुलात एक हंगाम राहिलेला आणि परत येऊन लातूरच्या बाजार समितीत मराठीतून बोलू शकणारा अभ्यासक घडवायचा, तर त्याची सोय आज आपल्या कोणत्या विद्यापीठात आहे, हे आयोगाने मला दाखवून द्यावं.

आणि मोझांबिक आपल्याला काही परका मुलूख नाही. १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातून चालायचा. त्या काळाचे कागद आजही पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. गोव्यात जन्मलेले अकिनो द ब्रागांसा मोझांबिकच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले, आणि १९७५ ला देश स्वतंत्र झाल्यावर मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठातल्या आफ्रिकन अभ्यास केंद्राचे संचालक झाले. १९८२ मध्ये याच केंद्रात आलेल्या पत्रबॉम्बने तिथल्या संशोधक रूथ फर्स्ट यांचा बळी घेतला, तेव्हा ब्रागांसाही जखमी झाले होते. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान कोसळून ते गेले. आफ्रिकेच्या अभ्यासाचं केंद्र आफ्रिकेत चालवणारा गोवेकर होऊन गेला, आणि त्याच्या देशात आम्ही तसल्याच एका केंद्राच्या खुर्च्या-टेबलांची मोजदाद करतोय. खडकी वसवणारा मलिक अंबर किंवा जंजिऱ्याचे सिद्दी यांच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. ते मराठी वाचकाला ठाऊक आहेत. मलिक अंबर जिथून आला तो इथिओपिया मात्र ठाऊक नाही.

महोदय, ही केंद्रं आकाशातून पडलेली नाहीत. १९५५ मध्ये दिल्ली विद्यापीठात आफ्रिकेचा विभाग निघाला, त्याच वर्षी सप्रू हाउसमधली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्था, जी १९७० मध्ये जेएनयूत गेली. १९६२ मध्ये चीनने दणका दिला आणि शेजाऱ्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही हे लक्षात आल्यावर चिनी अभ्यासाला पैसा मिळू लागला. साठच्या दशकात खुद्द आपल्या आयोगानेच एरिया स्टडीजची योजना आणली. कल्पना साधी आणि शहाणपणाची होती : एकेका विद्यापीठाने एकेक मुलूख वाटून घ्यायचा. मुंबईकडे आफ्रिका आणि सोव्हिएत संघ, जयपूरकडे दक्षिण आशिया, तिरुपतीकडे आग्नेय आशिया, श्रीनगरकडे मध्य आशिया, पुढे गोव्याकडे लॅटिन अमेरिका. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, भाषा यांची माणसं एका छताखाली बसवायची आणि त्यांनी एका प्रदेशाचा पिच्छा पुरवायचा.

या विद्येवर टीकाही आहे आणि ती मला बरीचशी पटते. अमेरिकेत ती फोफावली ती सोव्हिएत उपग्रह स्पुटनिकच्या धसक्याने झालेल्या १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यामुळे. हेतू ज्ञानाचा कमी, शीतयुद्धाचा जास्त. पण त्या व्यवस्थेत तिथल्या विद्यापीठांत मराठीही शिकवली जाऊ लागली, हेही खरं. जर्मनीत हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले गुंथर सोन्थायमर धनगरांबरोबर माळरानं तुडवत फिरले, त्यांच्या ओव्या त्यांनी टेपवर घेतल्या. एका जर्मन माणसाने खंडोबासाठी जन्म घालवला याचं आपल्याला केवढं कौतुक! आपल्यातली एखादी मुलगी नाम्पुलाच्या माकुआंसाठी दहा वर्षं घालवते म्हणाली, तर पहिला प्रश्न काय येतो? “मग नोकरी कुठे लागणार?”

आता तक्रारी.

पहिली, पदांची. आमच्या केंद्रात मंजूर पदं आहेत, माणसं नाहीत. एक प्राध्यापक निवृत्त झाले की पद ‘वित्त विभागाच्या मान्यतेस अधीन’ होतं, मग आरक्षणाच्या बिंदुनामावलीत अडकतं, मग व्यपगत म्हणजे रद्द होतं. पंचवार्षिक योजनांचा काळ ३१ मार्च २०१७ ला संपला. त्यानंतर आमच्या केंद्राचा खर्च विद्यापीठाच्या स्वनिधीवर आला आणि स्वनिधी म्हणजे काय असतं ते आपण जाणताच. आज तिथे शिकवणारे बहुतेक माझ्यासारखे तासावरचे. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. पुढच्या जूनला आपण असू की नाही हे माहीत नसलेला माणूस स्वाहिली शिकायला दोन वर्षं कशाला घालेल? मग विद्यार्थी येत नाहीत. आणि मग टिपणीत लिहिलं जातं, अल्प विद्यार्थिसंख्या.

दुसरी, डोकी मोजण्याची. बी.कॉम.च्या वर्गाला लावायची पट्टी इथे लावू नका. इंडोनेशिया जाणणारी दोनशे माणसं दरवर्षी नको आहेत. पाच हवीत, पण खरोखर जाणणारी. भारताने आफ्रिकेत १८ नवे दूतावास उघडण्याचा निर्णय २०१८ मध्ये घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतच आफ्रिकी संघाला जी-२० चं कायम सदस्यत्व मिळालं आणि आपण सगळ्यांनी अभिमानाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्या देशातलाच आमचं केंद्र विलीन करण्याचा हा प्रस्ताव आहे.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त सलते, म्हणून जरा सविस्तर. आपण भाषा एकीकडे आणि देश दुसरीकडे असे दोन तुकडे करून ठेवलेत. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलांची गर्दी बघा. त्यांना आयटीत काम मिळतं, चांगलंच आहे. पण जपानची शेती, तिथली म्हातारी होत चाललेली गावं, तिथल्या निवडणुका यांच्याशी त्या वर्गाचा संबंध नाही. आणि राज्यशास्त्रात ‘जपानचं परराष्ट्र धोरण’ शिकणाऱ्याला हिरागाना लिपीसुद्धा येत नाही. तो इंग्रजी पुस्तकावरून इंग्रजी प्रबंध लिहितो. आपल्याकडे ही रीत नव्हती हो. साखवाळचे धर्मानंद कोसंबी पालीसाठी सिलोन-ब्रह्मदेश पालथे घालून आले आणि फर्ग्युसनमध्ये पाली शिकवायला उभे राहिले. पुरुषोत्तम बापटांनी पाली ग्रंथ चिनी भाषांतराशी ताडून पाहिला. वसंत परांजपे १९४७ मध्ये पेकिंगला शिकायला गेले आणि पुढे नेहरू व चिनी नेते यांच्यामध्ये दुभाषी म्हणून बसले. ग. ह. खरे, सेतुमाधवराव पगडी फारसी शिकले, पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज दप्तरात बुडून गेले, म्हणून शिवकाळाचा अर्धा पुरावा आज आपल्या हातात आहे. भाषा आल्याशिवाय त्या मुलखाबद्दल तोंड उघडायचं नाही, ही मराठी संशोधनाची घरची शिस्त आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शाळेत शिकवायच्या परकीय भाषा उदाहरणादाखल दिल्या : कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. मसुद्यात चिनी होती, अंतिम धोरणात तिचं नाव नाही. ज्या शेजाऱ्याशी सीमेवर सैन्य समोरासमोर उभं असतं, त्याची भाषा न शिकण्यात कसली देशभक्ती आहे, मला कळलेलं नाही. भांडायचं असेल तर ती आधी शिकायला हवी.

चौथी, प्रत्यक्ष जाण्याची. ज्या देशावर पीएच.डी. करायची त्या देशात पाऊल न ठेवता ती आपल्याकडे रीतसर मिळते. फेलोशिप मिळाली तरी तिकीट, व्हिसा, राहणं यांचा विचार तिच्यात नसतो. परदेशी जायचं म्हटलं की परवानगीचं पत्र तीन टेबलांवर फिरतं. मापुतोला मी गेले ते स्वतःच्या पैशाने. ज्याच्याकडे ते नाहीत त्याने काय करायचं? मराठवाड्यातून, चंद्रपुरातून, सिंधुदुर्गातून आलेल्या मुलाने गूगल मॅपवर मोझांबिक बघायचं? अशाने हा विषय पुन्हा दिल्लीच्या चार सुखवस्तू घरांचा होईल.

पाचवी, ग्रंथालयाची. आमच्याकडे एक लोखंडी कपाट आहे. त्यात साठ-सत्तरच्या दशकांत दार-एस-सलामहून फ्रेलिमोने, म्हणजे मोझांबिकच्या मुक्तिसंघटनेने, पाठवलेली इंग्रजी बुलेटिनं आहेत, सायक्लोस्टाइल केलेली. कागद तांबूस झालाय, पिना गंजून कोपऱ्यांना डाग पडलेत. कोण्या जुन्या ग्रंथपालाने प्रत्येकावर निळ्या शाईने तारीख घातली आहे आणि ‘पोच पाठवली’ असं लिहिलंय. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एका संघटनेचं टपाल आपल्या विद्यापीठात येत होतं आणि आपण पोचही देत होतो! विलीनीकरणाच्या टिपणीला जोडलेल्या यादीत या कपाटातल्या साहित्यापुढे शेरा आहे : निर्लेखनयोग्य. मराठीत त्याला रद्दी म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांना ६,००० कोटी मंजूर केले, जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली केली. उत्तम झालं, मीही वापरते. पण ती तीस मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची. मापुतोचं दैनिक, ढाक्याचा साप्ताहिक अंक, यांगूनमध्ये छापलेलं पुस्तक त्यात नाही, आणि त्यांच्यासाठी वेगळा पैसाही कुठे नाही.

जाता जाता एक : नेट परीक्षेच्या विषययादीत ९० क्रमांकाच्या लांबलचक नावात ‘सोव्हिएत स्टडीज’ सोव्हिएत संघ मोडून कित्येक वर्षं उलटली तरी तसंच होतं. तेवढ्या वेळात पंधरा नवी राष्ट्रं म्हातारी व्हायला लागली. आमच्या विषयाकडे तुमचं लक्ष किती असतं, ते यावरून आम्हाला कळतं.

मागण्या मोजक्या आहेत.

१. एरिया स्टडीजचं कोणतंही केंद्र बंद किंवा विलीन करण्याआधी त्याचा शैक्षणिक आढावा त्या प्रदेशाच्या, विद्यापीठाबाहेरच्या तज्ज्ञांकडून घ्यावा आणि तो जाहीर करावा. तोवर असे सर्व प्रस्ताव स्थगित ठेवावेत.

२. मंजूर पदं नियमित नेमणुकीने भरावीत. किमान एक पद त्या प्रदेशाच्या भाषेचं असावं.

३. या केंद्रांना विद्यार्थिसंख्येच्या निकषातून वगळावं.

४. मुलूख वाटून घेण्याची जुनी पद्धत परत आणावी, यावेळी शेजाऱ्यांपासून सुरुवात करून. नाशिकचा कांदा बांगलादेशात आणि श्रीलंकेत जातो; या दोन देशांचा अभ्यास महाराष्ट्रातल्या एका तरी विद्यापीठाने अंगावर घ्यावा. चंदगड आणि सिंधुदुर्गातल्या कारखान्यांत फुटणारा कच्चा काजू पश्चिम आफ्रिकेतून येतो, गिनी-बिसाऊसारख्या पोर्तुगीज भाषेत कारभार चालणाऱ्या देशातूनही. गोव्यात पोर्तुगीज आहे, तिथे हा अभ्यास सहज उभा राहील. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहेच, एका विद्यापीठाच्या मुलाला दुसरीकडे भाषा शिकू द्या आणि तिचे श्रेयांक धरा.

५. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला त्या देशात किमान एक हंगाम राहता येईल अशी शिष्यवृत्ती द्यावी, आणि तिच्यात निम्म्या जागा राज्य विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात.

६. त्या-त्या देशातली वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, पुस्तकं घेण्यासाठी केंद्रांना दरवर्षी स्वतंत्र रक्कम द्यावी. जुनं साहित्य निर्लेखित करण्याआधी राष्ट्रीय अभिलेखागाराला विचारणं बंधनकारक करावं.

७. या अभ्यासातून निघालेलं काम भारतीय भाषांत छापलं तर मूल्यांकनात त्याला इंग्रजी लेखाइतकेच गुण मिळावेत. बाजार समितीचा संचालक स्कोपसमधले इंग्रजी शोधनिबंध वाचत नाही.

आमच्या विद्वत्परिषदेची बैठक पुढच्या महिन्यात आहे. पहिल्या मागणीपुरतं एक परिपत्रक त्याआधी निघालं, तर आमच्यासारखी आणखी काही केंद्रंही वाचतील. बाकीच्या सहांना वेळ लागेल, हे मला समजतं. त्यांच्यासाठी मुदत घाला आणि ती जाहीर करा. उत्तर लेखी द्यावं, ही विनंती.

आपली,
आफ्रिका अभ्यासाची एक अतिथी प्राध्यापिका

प्रत माहितीसाठी : महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठांचे कुलगुरू, लातूर, अकोला आणि लासलगाव बाजार समित्यांचे सभापती